बावडीतून आलेली देवी

इंदूर शहराच्या जुन्या वस्तीत, पंढरीनाथाच्या मंदिरापासून थोड्याच अंतरावर, हरसिद्धीचे मंदिर आहे. मंदिराची घडण मराठा पद्धतीची आहे. राजवाडा, गोपाळमंदिर आणि कृष्णपुऱ्यातील छत्र्या पाहून परतणारा प्रवासी बहुधा या मंदिराकडे वळत नाही. जुन्या इंदूरकरांच्या घरांत मात्र नवरात्र आले की हरसिद्धीच्या दर्शनाची आठवण आपोआप होते. या मंदिरातील देवीची संगमरमरी मूर्ती शेजारच्या बावडीत सापडली, अशी परंपरा आहे. बावडी म्हणजे पायऱ्या असलेली मोठी विहीर. महाराष्ट्रात तिला बारव म्हणतात. आधी बावडी, मग तिच्यातून देवी, आणि मग देवीसाठी मंदिर, असा या स्थळाचा क्रम आहे.

देऊळ आणि बावडी यांचे हे नाते आजच्या भाषणाचा विषय आहे. ते एकट्या इंदूरचे नाही. माळवा, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान या सर्व प्रदेशांत पाण्याजवळ देवी आणि देवीजवळ पाणी अशी जोडी शेकडो ठिकाणी आढळते. परंतु ते नाते तुटले म्हणजे काय घडते, हे इंदूर शहराने २०२३ साली इतक्या दारुण रीतीने पाहिले की या विषयाचा विचार करताना तेथूनच आरंभ करणे योग्य ठरते.

हरसिद्धीचे मंदिर हरिराव होळकरांनी बांधविले असे सांगतात. हरिरावांचे नाव इतिहासात फारसे गाजलेले नाही. त्यांच्या वडिलांचे नाव मात्र मराठी वाचकास चांगलेच ठाऊक आहे. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात ज्यांना हत्तीच्या पायी देवविले, ते विठोजी होळकर हे हरिरावांचे वडील, आणि थोरले यशवंतराव होळकर हे त्यांचे चुलते. हरिरावांचे आयुष्य होळकरशाहीच्या उतरत्या काळात गेले. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई झाली, १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, आणि होळकरांचे राज्य इंग्रजांचे मांडलिक बनले. त्यानंतर इंदूर ही राजधानी झाली. हरिरावांना महेश्वरच्या किल्ल्यात कैद भोगावी लागली होती. तेथून सुटून १८३४ साली ते गादीवर बसले आणि १८४३ पर्यंत त्यांनी राज्य केले.

या सुमारास इंदुरात देवळे बांधण्याचे काम मोठ्या उत्साहाने चालू होते. पंढरीनाथाचे मंदिर दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकीर्दीचे, आणि गोपाळमंदिर कृष्णाबाई होळकरांनी बांधविलेले. तहाने तलवार म्यान झाली होती. ज्या घराण्याने एके काळी दिल्लीपर्यंत दौड मारली, त्याला आता एका नव्या राजधानीचा संसार थाटावयाचा होता, आणि संसार थाटताना देवघर प्रथम मांडण्याची आपली रीत आहे. विठोबा पंढरपुराहून आला, तुळजाभवानी आणि खंडोबा मराठी कुटुंबांबरोबर आले. हरसिद्धी मात्र माळव्याचीच. तिचे मूळ आणि विख्यात स्थान उज्जयिनीस आहे. ते शक्तिपीठ मानले जाते, आणि विक्रमादित्याच्या कथांशी ते जोडलेले आहे. इंदूरच्या मराठी राज्यकर्त्याने माळव्याच्या देवीला मराठा पद्धतीचे देऊळ दिले, या एका गोष्टीत त्या काळच्या इंदूरचे सारे स्वरूप दिसून येते.

उज्जयिनीच्या हरसिद्धी मंदिराच्या आवारातही एक जुनी बावडी आहे. तिच्यातील स्तंभावर संवत १४४७ चा उल्लेख आहे. म्हणजे तो इसवी सनाच्या चौदाव्या शतकाच्या अखेरचा ठरतो. मंदिरासमोरच्या दोन उंच दीपमाळा मराठ्यांच्या राजवटीची साक्ष देतात, आणि बावडी त्यांच्याही आधीच्या काळाची. येथेही पाणी जुने आहे आणि देवळाचा आजचा साज नंतरचा आहे.

मूर्ती पाण्यात सापडली या कथेचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. पहिला अर्थ इतिहासाचा. स्वाऱ्या आणि धामधुमीच्या काळात मूर्तींना भग्न होण्यापासून वाचविण्यासाठी पुजारी त्या जवळच्या कुंडात, विहिरीत किंवा डोहात ठेवीत. उज्जयिनीचे महाकालेश्वराचे मंदिर तेराव्या शतकात अल्तमशच्या स्वारीत पाडले गेले, तेव्हा तेथील लिंग कोटितीर्थ कुंडात राहिले आणि पुढे अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या वेळी मंदिर पुन्हा उभे राहिले, असे परंपरा सांगते. नाशिकच्या काळारामाची मूर्तीही गोदावरीच्या पात्रात सापडली आणि सरदार ओढेकरांनी तिच्यासाठी मंदिर उभारले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. पाणी हे अशा वेळी देवांचे तळघर होते. वरून पाहणाऱ्यास त्याचा थांग लागत नाही, आणि दगडाला ते सहसा इजा करीत नाही.

दुसरा अर्थ श्रद्धेचा, आणि तो याहूनही जुना आहे. आपल्याकडे पाणी हे आईचे रूप मानले आहे. महाराष्ट्रातील खेड्यांत विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड एका ओळीत मांडलेले असतात. त्या साती आसरा. त्यांना हळदकुंकू वाहिल्याखेरीज नव्या विहिरीचे पाणी घेत नाहीत. राजस्थान आणि माळव्याच्या बाजूस बाळंतीण सव्वा महिन्याच्या आसपास प्रथम घराबाहेर पडते ती विहिरीच्या पूजेसाठी. त्या विधीस जलवापूजन म्हणतात. नवरात्रात देवीची स्थापना होते ती घटात, आणि घट म्हणजे पाण्याने भरलेले मातीचे भांडे. मूर्ती नसली तरी चालते, घटावाचून नवरात्र बसत नाही. तेव्हा देवी बावडीतून वर आली असे म्हणणे हे आपल्या लोकांच्या मनास अगदी स्वाभाविक वाटणारे आहे.

शिल्पशास्त्रकारांनीही हीच दृष्टी ठेवली होती. बाराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘अपराजितपृच्छा’ या ग्रंथात वापीचे, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचे, चार प्रकार सांगितले आहेत. एक मुख असलेली ती नंदा, दोन मुखांची भद्रा, तीन मुखांची जया आणि चारही दिशांनी उतरता येईल अशी विजया. ही चारही नावे मंगलवाचक आणि स्त्रीवाचक आहेत. गुजरातेतील पाटणची अकराव्या शतकातील ‘राणी की वाव’ २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिच्या भिंतींवर देवदेवतांच्या मूर्तींची इतकी दाटी आहे की विहिरीत उतरणारा माणूस एखाद्या मंदिरातच उतरत असतो. माळव्यातील मांडवगडावरही चंपा बावडी, उजाली बावडी, अंधेरी बावडी अशा बावड्या आहेत, आणि त्या सुलतानांच्या राजवटीत वापरात होत्या. राज्ये बदलली, धर्म बदलले, तरी पाणी साठविण्याची विद्या तीच राहिली.

या विद्येचे मर्म माळव्याच्या भूमीत आहे. माळव्याचे पठार हे दख्खनच्याच काळ्या पाषाणाचे बनलेले आहे. वर काळी कसदार माती, तिच्याखाली झिजलेला मुरूम, आणि त्याखाली कठीण खडक. पावसाचे पाणी मातीतून मुरुमात झिरपते, आणि खडकाच्या भेगांतून व दोन थरांमधल्या पोकळ जागेतून वाहते. पावसाळ्यानंतर ही पाण्याची पातळी वर असते, आणि वैशाखापर्यंत ती हळूहळू खाली जाते. साध्या विहिरीत दोर लांब करीत जावे लागते. बावडीत माणूस स्वतःच पाण्यामागोमाग एकेक पायरी उतरत जातो. भाद्रपदात दहा पायऱ्यांवर असलेले पाणी ज्येष्ठात चाळीस पायऱ्यांवर गेले की गावास कोणी वेगळे सांगावे लागत नाही. पाणी किती उरले आहे हे प्रत्येक घागरीगणिक सर्वांच्या डोळ्यांपुढे राहते. बावडी ही पाण्याची कोठी होती, तशीच ती पाण्याची खतावणीही होती.

अशा बावडीशेजारी देवीचे ठाणे असण्याने काय साधत होते? जेथे देवीचा वास आहे तेथे पायतण घालून उतरता येत नाही. तेथे कोणी थुंकत नाही, कपडे धूत नाही, उकिरडा टाकीत नाही. नवरात्रापूर्वी देऊळ झाडावयाचे तर बावडीच्या पायऱ्याही झाडल्या जातात. उन्हाळ्यात पाणी तळाशी गेले की गाळ उपसावयाचा, हे कामही धर्मकृत्य समजून केले जाते. दिवाबत्तीसाठी पुजारी पहाटे व सायंकाळी तेथे येतोच. त्याची नजर पाण्यावर असते. एखादा चिरा ढळला, पिंपळाचे रोप भिंतीत रुजले, पाण्यास वास येऊ लागला, तर ते प्रथम त्याच्या ध्यानात येते. जो नियम राजाज्ञेने पाळला गेला नसता, तो देवीच्या धाकाने आणि मायेने पाळला गेला. पावित्र्य ही कल्पना अशा रीतीने रोजच्या देखभालीत उतरली होती.

होळकरांच्या राज्यात या देखभालीस द्रव्याचाही आधार होता. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात महेश्वराहून राज्य केले. त्यांनी हिंदुस्थानभर घाट, मंदिरे, धर्मशाळा, विहिरी आणि बारवा बांधविल्या. या कामांसाठी त्यांनी खासगीचे, म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रियांच्या स्वतंत्र उत्पन्नाचे द्रव्य वापरले. वेरूळच्या घृष्णेश्वराजवळील शिवालय तीर्थाचे कुंड आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. अहिल्याबाईंच्या कामांत देऊळ, धर्मशाळा आणि पाणवठा ही बहुधा एकत्र येतात. देवास नैवेद्य मिळावा तसेच वाटसरूस पाणी मिळावे, आणि दोन्हींची तजवीज एकाच सनदेत असावी, हा त्यांचा विचार होता. केवळ भाविक म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्यास या कामातील व्यवहारदृष्टी दिसत नाही.

या चित्राला एक काळी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या पावित्र्याने पाण्यास घाणीपासून राखले, त्याच पावित्र्याच्या नावाने लाखो माणसांना पाण्यापासून दूर ठेवले. देवीच्या बावडीत कोणी उतरावे आणि कोणी दूर उभे राहून ओंजळ पसरावी, हे जातीने ठरत होते. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, तेव्हा त्या कृतीचे मोल समजणारे पुण्यात फार थोडे होते. इंदूरपासून अवघ्या काही कोसांवर असलेल्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि पाण्यावर मनुष्यमात्राचा हक्क आहे हे सिद्ध केले. जुन्या बावड्यांविषयी आज जिव्हाळ्याने बोलताना हा हिशेब विसरता येत नाही. बावडी पुन्हा जिवंत व्हावयाची असेल तर ती सर्वांची म्हणूनच व्हावी लागेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंदूर शहर वाढू लागले आणि त्याबरोबर रोगराईही वाढली. प्लेगने लोक धास्तावले होते. त्या काळी तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने स्कॉटलंडचे विख्यात नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांस पाचारण केले. गेडीस यांचा इंदूरसंबंधीचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला, आणि नगररचनेच्या अभ्यासकांत तो आजही वाचला जातो. परंतु त्याहून लोकांच्या स्मरणात राहण्याजोगे त्यांचे काम निराळेच होते. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी एक मिरवणूक काढविली. ज्या भागातील लोक आपली घरे व रस्ते अधिक स्वच्छ करतील त्या भागातून मिरवणूक जाईल, असे आधीच जाहीर केले. मग गल्लोगल्ली झाडलोट आणि रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत शुभ्र पोशाखातील सफाई कामगार मानाने चालत होते. प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती; ती शेवटी जाळण्यात आली. आणि एका रथावर एक नवी देवी बसविली होती. ती देवी म्हणजे इंदूर नगरी. तिच्या निशाणावर शहराचा नकाशा काढलेला होता.

परदेशातून आलेल्या या शास्त्रज्ञाने आपल्या लोकांचे मन अचूक ओळखले होते. हुकूम काढून जे काम झाले नसते ते त्यांनी सणाच्या आणि देवीच्या द्वारे करून घेतले. हिंदुस्थानातील शहरांसंबंधीच्या आपल्या अहवालांत त्यांनी जुनी तळी आणि विहिरी सरसकट बुजविण्यास विरोध केला होता. डास होतात म्हणून तळे बुजविणे हा आळशी उपाय आहे. तळे स्वच्छ ठेवावे, त्यात मासे सोडावेत, असे त्यांचे मत होते. हरसिद्धीच्या बावडीने जो धडा अनेक शतके दिला होता, तोच गेडीस यांनी आधुनिक शास्त्राच्या भाषेत सांगितला.

तथापि शहराची वाढ या शहाणपणाहून वेगवान होती. बिलावली, सिरपूर येथील तलाव होळकरांच्या काळात झाले. गंभीर नदीवर बांध घालून यशवंतसागर निर्माण करण्यात आला आणि नळाचे पाणी घरोघर येऊ लागले. सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्ही जलाशयांची २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत गणना झाली, ही इंदूरला भूषणावह गोष्ट आहे. स्वातंत्र्यानंतर कापडाच्या गिरण्या, बाजारपेठ आणि शिक्षणसंस्था यांमुळे लोकसंख्या फुगत गेली, आणि हे जलाशय अपुरे पडू लागले. १९७० साली नर्मदेचे पाणी इंदुरास आणावे यासाठी नागरिकांनी मोठे आंदोलन केले. १९७८ मध्ये ते पाणी शहरात पोहोचले. मंडलेश्वरजवळील जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर तोडून आणि पाचशेहून अधिक मीटर उंच चढून ते येते. ज्या नर्मदेच्या काठी बसून अहिल्याबाईंनी राज्य केले, ती नर्मदाच घाट चढून इंदुरास आली. हे काम मोठे होते, आणि शहर त्याविषयी कृतज्ञ आहे.

नर्मदा आली आणि बावड्या मागे पडल्या. तोटी फिरवली की पाणी मिळते, मग चाळीस पायऱ्या कोण उतरणार? पाण्यासाठी जाणे थांबले, तसे पाण्याकडे पाहणेही थांबले. दुसरीकडे खोल कूपनलिका शेकडोंनी खोदल्या गेल्या, आणि भूमीच्या पोटातील जुना साठा उपसला जाऊ लागला. पावलोपावली पाणी अशी ज्या माळव्याची ख्याती, त्याच माळव्यातील देवास शहरास १९९० साली रेल्वेच्या गाडीतून पाणी पुरवावे लागले. बावडीतील उतरत्या पायऱ्यांनी जो इशारा वर्षानुवर्षे दिला असता, तो वाचावयास तेथे कोणी उरले नव्हते.

वापर थांबला तरी श्रद्धा थांबली नाही. श्रद्धेचे पाण्याशी असलेले नाते मात्र सुटले. बावडीशेजारचे छोटे देऊळ भाविकांच्या देणग्यांनी मोठे होऊ लागले. मोठ्या देवळास सभामंडप हवा, सभामंडपास जागा हवी, आणि शेजारी तर बिनवापराची बावडी. तिच्यावर तुळया टाकल्या, फरशी घातली, आणि त्यावर भजन-हवन सुरू झाले. काही वर्षांनी नव्या पिढीस पायांखाली पाणी आहे याची आठवणही राहिली नाही. हे अनेक गावांत, अनेक शहरांत घडले आहे. ते वाईट हेतूने झाले असेही नाही. देवासाठी जागा करून देत आहोत, अशाच भावनेने बहुतेकांनी ते केले.

३० मार्च २०२३ हा दिवस रामनवमीचा, चैत्री नवरात्राच्या समाप्तीचा होता. इंदूरच्या पटेलनगर भागातील बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू होते. भाविक ज्या फरशीवर बसले होते तिच्याखाली जुनी बावडी होती. फरशी खचली आणि माणसे खाली पाण्यात कोसळली. सैन्याचे जवान आले, रात्रभर शोध चालला. त्या अपघातात ३६ माणसे मृत्यू पावली. त्यांत घरच्या लक्ष्म्या होत्या, लहान मुले होती. नवरात्राच्या पारण्यासाठी घरून निघालेली माणसे परत आली नाहीत. एका वस्तीतून इतक्या अंत्ययात्रा निघण्याचा प्रसंग इंदूरच्या आठवणीत क्वचितच असेल. काही दिवसांतच तेथील बांधकाम पाडण्यात आले आणि ती बावडी भरून बुजविण्यात आली.

बुजविण्यामागची भावना समजण्याजोगी आहे. ज्यांच्या घरातील माणूस गेले त्यांना ते पाणी पुन्हा पाहवणार नाही. अधिकाऱ्यांवर पुढील धोका टाळण्याची जबाबदारी होती. तरीही शांतपणे विचार करता असे म्हणावे लागते की त्या दिवशीचा अपराध बावडीचा नव्हता. उघड्या बावडीत बुडून एखादा मनुष्य मरतो, परंतु उघडी बावडी दिसते, आणि दिसते म्हणून माणूस सावध राहतो. झाकलेली बावडी दिसत नाही. तिच्या भिंती आत ढासळत असतात, झाकणातील लोखंड बाष्पाने गंजत असते, आणि वर बसलेल्यास त्याची वार्ताही नसते. जुन्या काळी देवीच्या पुजाऱ्याची नजर रोज पाण्यावर पडत असे. ती नजर हटली, आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही व्यवस्था आली नाही.

मग झाकलेल्या सर्व बावड्या बुजवाव्यात काय? कोल्हापूरचा अनुभव या बाबतीत लक्षात घेण्यासारखा आहे. तेथील अंबाबाईच्या मंदिरातील मणिकर्णिका कुंड गेल्या शतकाच्या मध्यानंतर बुजविले गेले आणि त्यावर बाग झाली. सुमारे साठ वर्षे ते मातीखाली होते. अलीकडच्या काळात देवस्थानाने ते उकरण्याचे काम हाती घेतले, आणि दगडी पायऱ्या व भिंती पुन्हा प्रकाशात आल्या. परभणी जिल्ह्यातील वालूर गावात लोकांनी एकत्र येऊन जुन्या बारवा मोकळ्या केल्या. तेथील चक्राकार पायऱ्यांची बारव पाहण्यासाठी आता दुरून माणसे येतात. महाराष्ट्रात बारवा शोधून स्वच्छ करण्याची एक मोहीमच उभी राहिली आहे, आणि महाशिवरात्रीस अनेक बारवांत दिवे लावले जातात. दिवे लावण्यासाठी पायऱ्या आधी झाडाव्या लागतात, हे त्या प्रथेचे खरे मर्म आहे. मध्यप्रदेशातही २०२५ च्या उन्हाळ्यात जलगंगा संवर्धन अभियान चालविण्यात आले, आणि त्यात जुन्या बावड्यांच्या सफाईचा समावेश होता.

करावयाचे काम फार अवघड नाही, परंतु ते सतत करावे लागते. शहरात कोठे कोठे बावड्या आहेत याची नोंद असावी, आणि देवळाच्या फरशीखाली बावडी असेल तर ती गोष्ट लपवू नये. तिच्यावरील झाकण काढावे. काढता येत नसेल तर अभियंत्याकडून तपासून घ्यावे आणि तोवर तेथे गर्दी जमवू नये. उघड्या बावडीस मजबूत कठडा व जाळी असावी. गाळ उपसावा, सांडपाणी आत येत असेल तर ते बंद करावे, पाण्याची परीक्षा करावी. पावसाळ्यात देवळाच्या छपरावरील पाणी गाळून बावडीत सोडावे. हे पाणी पिण्यास न चालले तरी बागेस व धुण्यास चालेल, आणि भूमीत मुरून आसपासच्या विहिरींना उपयोगी पडेल. स्वच्छतेच्या स्पर्धेत इंदूरने २०१७ पासून वर्षानुवर्षे देशात पहिला क्रमांक मिळविला आहे. ज्या शहराने रस्त्यावरील कचरा हटवून दाखविला, त्यास पायऱ्यांवरील गाळ हटविणे अशक्य नाही.

यात देवस्थानांचा वाटा मोठा असावा. सभामंडपासाठी देणगी मागितली तर ती मिळते. बावडीचा गाळ काढण्यासाठी मागितली तर हात आखडतो. वास्तविक देवीची सेवा म्हणून पूर्वजांनी दोन्ही कामे सारख्याच योग्यतेची मानली होती. नवरात्राच्या आधी एक दिवस बावडीचा असावा, सर्व जातींच्या व सर्व वस्त्यांच्या माणसांनी त्या दिवशी पायऱ्या झाडाव्यात, आणि मग घट बसावेत. गेडीस यांनी नगरीलाच देवी मानून मिरवणूक काढली, तिच्या परंपरेला हे साजेसेच होईल. पाऊस लांबला की इंद्रेश्वराचा गाभारा पाण्याने भरून टाकण्याची रूढी जुन्या इंदुरात सांगतात. तशी भावना अजून जिवंत असेल, तर तिला कामास लावणे हे शहाण्या समाजाचे लक्षण आहे.

हरसिद्धीच्या मंदिराकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे तिच्या कथेचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. देवी बावडीत सापडली, ती शोधणाऱ्यास सापडली. कोणीतरी त्या पाण्यात उतरले होते, गाळ उपसला होता, तळापर्यंत हात घातला होता. तेव्हा ती हातास लागली. बावडीवर फरशी घातलेली असती तर इंदूरची हरसिद्धी आजही अंधारातच राहिली असती. येत्या नवरात्रात जे भाविक तिच्या दर्शनास जातील, त्यांनी आपल्या वस्तीतील देवळाच्या फरशीखाली काय आहे याची एकदा चौकशी करावी. पटेलनगरात गेलेल्या ३६ जीवांचे एवढे ऋण प्रत्येक नगरवासीयावर आहे.